अद्भुताची पेटी

दिवाळीत घरात येणाऱ्या बहुतेक पेट्या आठ-दहा दिवसांत रिकाम्या होतात. मिठाईच्या पेटीत मग सुईदोरा जातो. सुक्या मेव्याची पेटी न उघडताच दुसऱ्याच्या घरी जाते, आणि चार घरे फिरून कधी कधी आपल्याच दारी परत येते. यंदा मात्र आमच्या घरी अशी एक पेटी आली आहे, की तिच्यातली वस्तू जागची हलवायची तर मालकाची परवानगी घ्यावी लागते. मालक म्हणजे आमचे चिरंजीव. वय वर्षे सोळा, आणि उत्पन्न म्हणाल तर वाढदिवसाला आजी-आजोबा हातावर ठेवतात तेवढेच! ते तीन वर्षे साठवून त्यांनी पुण्याहून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या तीन चित्रपटांचा संग्राहकांसाठी काढलेला डीव्हीडींचा संच मागवला; तोही वापरलेला.

सगळे जग फोनवर चित्रपट पाहत असताना तबकड्या विकत घ्यायच्या, म्हणजे दारात नळ असताना आड खणण्यासारखेच. तसे मी बोलूनही दाखवले. चिरंजीव शांतपणे म्हणाले, “बाबा, फोनवरचा सिनेमा आज असतो, उद्या काढून टाकतात. हा माझ्या कपाटात राहील.” मराठीच्या प्राध्यापकाला घरातले पुस्तकांचे कपाट दाखवून गप्प करायचे, ही युक्ती त्यांना त्यांच्या आईने शिकवली असावी.

तबकड्या आल्या, पण त्या लावायचे यंत्र नंदुरबारात मिळेना. अखेर शेजारच्या काकूंच्या माळ्यावरून एक जुना डीव्हीडी प्लेअर खाली उतरला. सुटीच्या तीन रात्री आमच्या बैठकीच्या खोलीत जत्रेतला तंबू अवतरला म्हणा ना! सारंगखेड्याच्या दत्ताच्या जत्रेत लहानपणी सतरंजीवर बसून पाहिलेले सिनेमे आठवले. चिरंजीवांचे मित्र होते, शेजारच्या काकू होत्या, आणि धडगावकडून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा माझा एक विद्यार्थीही होता.

ज्यांनी हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मूळ कादंबरी टॉल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाची. ऑक्सफर्डला जुन्या भाषा शिकवणाऱ्या या गृहस्थाने आधी स्वतःच्या कल्पनेतून भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारी माणसे, पऱ्या, खुजे लोक असे सगळे जग उभे केले. १९५४-५५ साली कादंबरी तीन खंडांत निघाली. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने न्यूझीलंडच्या डोंगरांत तिचे चित्रीकरण केले, आणि २००१, २००२ व २००३ अशा तीन वर्षांत तीन चित्रपट आले. चिरंजीवांच्या पेटीत आहे ती त्यांची लांबवलेली आवृत्ती. सगळी मिळून अकरा तासांहून अधिक. एकूण तबकड्या बारा. त्यांतल्या सहांत चित्रपट, आणि उरलेल्या सहांत तो कसा केला याची हकिकत!

हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “लाडवाच्या बरोबरीने लाडू कसा वळला याचीही परात भरून वाढणारी माणसे मी प्रथमच पाहिली.”

सगळे हसले. पण हा प्रकार परदेशी नाही आणि नवाही नाही. आपल्या नाशिककर दादासाहेब फाळक्यांनी तो १९१७ सालीच करून ठेवला आहे. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक छोटा चित्रपट त्यांनी काढला होता. त्याचा जो भाग आज पाहायला मिळतो त्यात दादासाहेब स्वतः काम करताना दिसतात. चिरंजीवांच्या पेटीतल्या त्या सहा तबकड्यांचे मूळपुरुष हेच.

आणि अद्भुताचे म्हणाल, तर फाळक्यांचा पिंडच जादूगाराचा. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रकार होते, छपाईच्या धंद्यात होते, आणि जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी ‘फाळके’ हे नाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ साली ‘लंका दहन’ आला. त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. पाठोपाठ १९१८ मध्ये ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’. मारुती आकाशातून उडतो, लंका पेटते, बाळकृष्ण डोहात उतरून नागाशी झुंजतो, हे सारे लोकांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. तो बाळकृष्ण म्हणजे दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव आधी दाखवले आहेत. जणू बाप प्रेक्षकांना सांगतो आहे, की ही माझी मुलगी, आता पाहा, हिचा कृष्ण होतो. घरी सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करीत आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधीत. न्यूझीलंडमध्ये जे शेकडो कारागिरांनी केले, त्याचा आरंभ आपल्याकडे एका कुटुंबाने केला.

मग फाळक्यांच्या अद्भुतपटांची पेटी भरायची म्हटली, तर तिच्यात काय ठेवता येईल? त्यांनी नव्वदांहून अधिक चित्रपट काढले. त्यांपैकी आज उरले आहेत ते बहुतेक तुकडे. ‘कालिया मर्दन’ बराचसा शिल्लक आहे. ‘लंका दहन’ आणि ‘श्रीकृष्ण जन्म’ यांची थोडी थोडी दृश्ये. ज्या लंकेच्या आगीने गर्दी खेचली, त्या चित्रपटाची काही मिनिटेच आपल्या हाती आहेत.

बाकीचे गेले कुठे? त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भुरकन पेटे. पेटली नाही तरी दमट हवेत चिकट होऊन कुजे. शिवाय तिच्यावरच्या थरात चांदी असे. खेळ संपले, की रिळांची किंमत त्यांतून निघणाऱ्या चांदीएवढीच. म्हणजे काही चित्रपट आगीने खाल्ले, काही हवेने, आणि काही आपण मोडीत घातले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. फाळके त्यापूर्वी वीस वर्षे, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले होते. पी. के. नायर यांच्यासारख्या चित्रपटवेड्या माणसाने गावोगाव हिंडून जुनी रिळे जमवली, म्हणून फाळक्यांचे एवढे तरी आपल्या वाट्याला आले. जपणारा माणूस भेटला, पण वीस-तीस वर्षे उशिरा.

तिसऱ्या रात्री चित्रपट संपल्यावर मी हे सगळे मुलांना सांगत होतो. माझी तासाला बोलायची खोड सुटीतही सुटत नाही. मंडळी जांभया देत उठली, पण धडगावचा विद्यार्थी बसूनच होता. म्हणाला, “सर, आमचा आजा गोष्ट सांगतो, तीपण तीन रात्री चालते. राजा आहे, देवी आहे, डोंगर बोलतो. थोडं सांगायचं, थोडं गायचं.”

“तुला येते का ती?”

“ऐकलीय. पण सांगता येत नाही. गाणं आजालाच येतं.”

“आजांचं वय काय?”

“ऐंशीच्या वर असेल.”

खोलीत कोणी काही बोलले नाही. आमचे चिरंजीवच पुढे झाले आणि त्याला म्हणाले, “अरे, मग तुझ्या फोनवर घे की!”

हे सुचायला सोपे, पण करायला तितके सोपे नव्हते. आजांचा नियम असा, की गोष्ट दिवसा सांगायची नाही. आपल्याकडेही दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असे म्हणत. त्यामुळे हा नियम मला लगेच पटला. रात्री ऐकायला घरातली माणसे हवीत, मध्ये मध्ये हुंकार हवा. समोर नुसता फोन ठेवून आजांना सूर लागेना. शेवटी नातवंडे, सुना असे सारे घर जमवून विद्यार्थ्याने दोन रात्रींची गोष्ट घेतली आहे. सुटी संपल्यावर त्याने मला ती ऐकवली. पावरी मला येत नाही. तो ओळ ओळ थांबवून मराठीत सांगत होता. मध्येच आजा खोकतात, कोणी पाणी देते, एक मूल रडते, आणि राजा पुन्हा डोंगर चढू लागतो.

तिसरी रात्र अजून राहिली आहे. आजा म्हणाले, की आता पीक घरात येऊ दे, मग सांगीन. घाई केलेली त्यांना आवडत नाही. सध्या आम्ही दोघे झाले तेवढे देवनागरीत उतरवतो आहोत. डाव्या पानावर पावरी, उजव्या पानावर मराठी. वर आजांचे नाव, गाव आणि तारीख. चिरंजीवांनी ध्वनिमुद्रणाच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. पेटी कशी भरायची याचे शास्त्र या घरात त्यांनाच ठाऊक!

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी या दिवाळीत एखादी आजी किंवा पणजी असेल. तिची एखादी राक्षसाची नाही तर बोलक्या पोपटाची गोष्ट असेल, आणि ती तिच्यासारखी दुसऱ्या कुणाला सांगता येत नसेल. फराळ झाल्यावर, दिवे लागल्यावर, मुलांना तिच्याभोवती बसवा. फोन जवळ ठेवा, आणि हुंकार द्यायला विसरू नका.