स्वल्पविरामाची जागा

रोजकीर्द लिहिणारा हिशेबनीस असो वा वीजबिलावर नजर टाकणारा सामान्य ग्राहक, आपल्याकडे रक्कम वाचणारा मनुष्य अंक मोजीत बसत नाही. उजवीकडचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन अंकांवर पडलेल्या स्वल्पविरामांच्या आधाराने त्याची दृष्टी हजार, लाख, कोटी ओळखीत जाते आणि १,२३,४५,६७८ ही रक्कम उच्चारण्यापूर्वीच त्याला उमगलेली असते. तीच रक्कम संगणकाने १२,३४५,६७८ अशी छापली म्हणजे हा आधार सुटतो, आणि त्या बिचाऱ्यास एकं, दहं, शतं करीत उजवीकडून परत यावे लागते.

याचे खापर यंत्रावर फोडणे न्याय्य नव्हे. पायथन भाषेत २००९ साली दाखल झालेली स्वल्पविरामाची सोय तीन-तीन अंकांचेच गट पाडते, हे खरे. परंतु जावास्क्रिप्टला भारताचा प्रदेश-संकेत दिला की लाख-कोटींची मांडणी आपसूक होते, आणि मराठीचा दिला तर अंकही देवनागरी उमटतात, कारण युनिकोडच्या प्रादेशिक माहितीकोशात हा नियम रीतसर नोंदलेला आहे. जावाची गोष्ट मात्र अधिक घातक आहे: तिच्या दशांश-मांडणीच्या नेहमीच्या साधनाला भारतीय गटांचा अचूक नमुना लिहून दिला तरी ते उजवीकडच्या शेवटच्या गटाचीच लांबी प्रमाण मानते, बाकीचे स्वल्पविराम मुकाट्याने दुर्लक्षिते, आणि आज्ञावली लिहिणाऱ्यास चुकीची साधी सूचनाही मिळत नाही.

तीनांचे गट ही जागतिक रीत आहे, असा युक्तिवाद पुष्कळदा ऐकू येतो. पण जर्मन माणूस त्याच जागी पूर्णविराम देतो आणि त्याची संगणकप्रणाली तो निमूट छापते, तेव्हा ज्याच्यासाठी कागद छापायचा त्याच्या वाचनाची रीत पाळणे, हाच जगाचा खरा रिवाज आहे. शिवाय स्वल्पविराम केवळ दर्शनी असतो. दफ्तरात साठविलेल्या मूळ संख्येस त्याने यत्किंचित बाध येत नाही.

म्हणून बँका, नगरपालिका आणि सरकारी खाती यांनी संगणकप्रणालीच्या निविदेतच याविषयी स्पष्ट कलम घालावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. आणि प्रणाली ताब्यात घेताना तपासणी एक लाखावरील रकमेवर करावी, कारण ९९,९९९ पर्यंत दोन्ही पद्धती तंतोतंत सारख्या दिसतात आणि लहान रकमांवर घेतलेली चाचणी हा दोष कधीच दाखवीत नाही.