परदेशात कार्ड: खरेदीला चालेल, रोख नको

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत आमचा भाचा बडोद्याहून मित्रांबरोबर बँकॉकला गेला. रोख संपली तेव्हा त्याने एटीएममधून क्रेडिट कार्डावर साधारण 20,000 रुपयांचे बाट काढले. "बिल आलं की भरू," असा विचार.

पण रोख काढली की खरेदीसारखी बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज त्याच दिवसापासून. शिवाय रोख काढण्याचे शुल्क 2.5 टक्के म्हणजे 500 रुपये, परकीय चलनाचा अधिभार 3.5 टक्के म्हणजे 700 आणि या दोन्हींवर 18 टक्के जीएसटी, 216. झाले 1,416! तिथल्या एटीएमचे शुल्क वेगळेच. घरी सांगायची लाज वाटली म्हणून पठ्ठ्या दोन महिने नुसती किमान रक्कम भरत राहिला आणि व्याज फुगत गेले.

दर बँकेगणिक वेगळे असतात. आपल्या कार्डाचे आधी पाहून ठेवा. हॉटेल-दुकानात कार्ड वापरा, रोखीसाठी फॉरेक्स कार्ड किंवा इथूनच थोडे चलन न्या. मशीनने "रुपयांत की बाटमध्ये?" असे विचारले तर बाटच निवडा, रुपयांचा दर बहुधा महाग पडतो. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून मर्यादा घाला, परतल्यावर बंद करा.

आणि अडचणीत रोख काढलीच, तर बिलाची वाट न पाहता लगेच भरून टाका. हाताशी पैसे नसतील तर घरी सांगा. आईबाबांची बोलणी एकदाच बसतात, व्याज रोज बसते.