‘एक’ची भानगड

शनिवारची झोप सोडून फ्रेंच क्लासला जाताय? मग पहिल्या दोन-तीन लेक्चर्समध्येच एक प्रश्न डोकं खायला लागतो. साधं ‘एक’ म्हणायला या लोकांना दोन शब्द कशाला लागतात?

तर मंडळी, फंडा असा. नाम पुल्लिंगी असेल तर ‘अँ’, स्त्रीलिंगी असेल तर ‘युन’. कॉफी मागवायची तर ‘अँ काफे’. पाव घ्यायचा तर ‘युन बागेत’. (हा बागेतला नव्हे, तो लांबलचक पाव!)

नपुंसकलिंग तिकडे नाहीच. त्यामुळे आपलं ‘ते टेबल’ बाई होतं, ‘युन ताब्ल’. आणि ‘ते पुस्तक’ पुरुष होतं, ‘अँ लीव्र’. इथे जपून हं! ‘युन लीव्र’ म्हणजे अर्धा किलो. टोमॅटो घेताना ठीक, पुस्तकांच्या दुकानात नको. तसंच ‘अँ तूर’ म्हणजे फेरफटका आणि ‘युन तूर’ म्हणजे मनोरा. आयफेल टॉवर म्हणूनच ‘ती’.

सगळं पाठ करायचं? थोडं शेवट बघूनही कळतं. ‘स्यों’ने संपणारे शब्द बहुतेक स्त्रीलिंगी: ‘युन सोल्युस्यों’. ‘माँ’ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी: ‘अँ दोक्युमाँ’. ‘आज’वालेही बहुधा पुल्लिंगी: ‘अँ मेसाज’. पण ‘युन पाज’ म्हणजे पान, ते स्त्रीलिंगी. अपवाद सगळीकडेच असतात, बॉस!

अनेकवचनात मात्र चैन आहे. दोन्ही लिंगांना एकच ‘दे’. फक्त तो विसरायचा नाही. आपण ‘मला मित्र आहेत’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीतही तसंच चालतं. फ्रेंचमध्ये मित्रांच्या आधी ‘दे’ हवाच.

खरी गंमत नकारात. ‘माझ्याकडे गाडी आहे’ यात ‘युन व्वात्यूर’. गाडी नसेल तर ‘युन’ही जातो आणि उरतो नुसता ‘द’: ‘ज ने पा द व्वात्यूर’. इथे हट्टाने ‘युन’ ठेवलात तर ऐकणाऱ्याला ‘एकही गाडी नाही’ असा ठसका ऐकू येऊ शकतो. पण ‘ही गाडी नाही, स्कूटर आहे’ असं सांगायचं असेल तर ‘युन’ जागेवरच राहतो. वस्तू मुळात नाहीच, तिथे ‘द’. वस्तू आहे पण वेगळी आहे, तिथे ‘अँ’ किंवा ‘युन’.

आता इंटरव्ह्यूसाठी टिप. ‘मी अकाउंटंट आहे’ हे सांगताना आपल्यातले बरेच जण आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग ‘अँ’ घुसडतात. गरजच नाही! मराठीत आपण ‘मी एक अकाउंटंट आहे’ म्हणतो का? फ्रेंचही म्हणत नाहीत. ‘ज स्वी काँताब्ल’, बस्स. हां, ‘चांगला अकाउंटंट’ म्हणून स्वतःची जाहिरात करायची असेल तर ‘अँ’ परत येतो: ‘ज स्वी अँ बाँ काँताब्ल’.

म्हणजे इंग्रजीला मधे दलाल म्हणून घेतलं की घोळ वाढतो. लिंगाप्रमाणे शब्द बदलायची सवय मराठी माणसाला लहानपणापासून असते. ‘चांगला, चांगली’ म्हणताना आपण कुठे विचार करतो?

तेव्हा वहीत नुसतं ‘ताब्ल’ लिहू नका, ‘युन ताब्ल’ लिहा. नवा शब्द भेटला की त्याचं लिंग त्याच्याबरोबरच घरी आणा. नंतर शोधत बसणं जाम वैतागाचं असतं.