ई-मेल सेवा बंद करून गुन्हेगार सापडेल का?

29 एप्रिल 2025 रोजी कर्नाटक हायकोर्टाने केंद्र सरकारला आदेश दिला: प्रोटॉन मेल ही स्विस ई-मेल सेवा भारतात ब्लॉक करण्याची कारवाई सुरू करा. एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांना लक्ष्य करून या सेवेवरून अश्लील मेल आणि एआयने बनवलेली बनावट चित्रं पाठवली गेली होती. त्या महिलांची तक्रार रास्तच आहे, त्यांना इन्साफ मिळायलाच हवा.

पण सवाल असा, की सेवा बंद केल्यानं पाठवणारा सापडेल का? प्रोटॉनवर साठवलेला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली वापरणाऱ्याकडेच असते. तरीही 2021 मध्ये फ्रान्सच्या मागणीवरून स्विस अधिकाऱ्यांनी कायदेशीर आदेश काढला, तेव्हा कंपनीने एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता दिला. मजकूर मात्र कुलूपबंदच राहिला. म्हणजे माग काढण्याचा रस्ता आहे. आणि तो आंदोलकांवरही वापरला जातो, म्हणून त्यावर कोर्टाची नजर हवी.

2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालता येते, पण गरजेपुरतीच. वर्गातल्या एकाने खोडी काढली म्हणून आपण शाळेला टाळं लावत नाही. खोडी कुणी काढली ते शोधतो.