माशाला अर्धा तास पुरे

फिश फ्राय मसाल्याचं पाकीट मी घरात आणणं बंद केलं आहे, आणि इथे परदेशात आपल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक मासेखाऊ घराने तेच करावं असं मला मनापासून वाटतं. त्या पाकिटात धणे असतात, गरम मसाला असतो, पीठही असतं. मग मॅकरेल घ्या की कॉड, चव एकच लागते. मालवणला आमच्या आईला तळायच्या तुकड्यांसाठी हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ एवढंच लागायचं. फार तर आलं-लसणाचं वाटण.

अर्धा किलो तुकड्यांना अर्धा चमचा हळद, दोन चमचे बेडगीचं तिखट, एक चमचा वाटण आणि दोन चमचे आगळ. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ हात राखून. आगळ नसेल तर पाच-सहा आमसुलं थोड्या कोमट पाण्यात भिजवून कोळून घ्या. तेही नसेल तर लिंबू.

आंबट मात्र हवंच. माशाच्या वासाला मुख्यतः ट्रायमिथिलअमिन कारणीभूत असतं. ते अल्कधर्मी असल्यामुळे आंबटाने बांधलं जातं आणि वास उतरतो. गोव्यात रेशादचं वाटण व्हिनेगरमध्ये वाटतात, तिथेही आंबट हेच काम करतं.

पण हेच आंबट जास्त वेळ राहिलं तर मासा बिघडवतं. पेरू देशात सेविचे करताना कच्चा मासा नुसत्या लिंबाच्या रसात ठेवतात. विस्तवाशिवायच त्यातली प्रथिनं आवळतात आणि मांस पांढरं पडतं. आपल्याकडे अनेकजण म्हणतात, चिकन रात्रभर मुरतं, मग मासा का नको? कारण माशाचे तंतू आखूड असतात आणि त्यांना धरून ठेवणारे पडदे फार नाजूक. पाहुणे येणार म्हणून मी एकदा कॉडला लिंबू लावून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी कडा खडूसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि तव्यावर कालथा लावताच तुकडीच्या पाकळ्या झाल्या. इतका चांगला मासा हातचा गेला याची हळहळ अजून आहे. तेव्हापासून अर्धा तास, त्यावर नाही.

इथला मासा बहुधा फ्रीझरमधला. तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सोडवायला ठेवावा आणि कागदाने चांगला टिपावा. हे टाळलंत तर मसाला पाण्याबरोबर ओघळून ताटात जमतो. मॅकरेल आपल्या बांगड्याच्याच कुळातला. त्याला दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन-तीन चिरा द्याव्यात आणि मसाला बोटाने आत भरावा. वीस मिनिटांनी ताट तिरकं करून पाहा, लालसर पाणी सुटलेलं असतं. ते ओतून टाका, मगच रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवा. तव्यावर टाकल्यावर खालची बाजू सुटेपर्यंत हात लावू नका.

पाकिटाने वेळ वाचतो हे मला पटत नाही. चार डब्यांची झाकणं उघडायला दोन मिनिटं लागतात. माझी बारा वर्षांची मुलगी हे मिश्रण आता न विचारता करते, आणि आगळ किती घालायचं ते तिला रंगावरून कळतं. पाकीट फोडत राहिलो असतो तर तिला हे कधी कळलंच नसतं.

या सुट्टीत घरी जाणार असाल तर परतताना मसाल्यांऐवजी आगळाची बाटली आणा. झाकणावर चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून.