मतभेद आणि हेत्वारोप

सर्वधारीनाम संवत्सराचा, शके १९३० चा, हा पहिला अंक सभासदांच्या हाती देताना नववर्षाचे अभीष्टचिंतन करून संपादकाने थांबावे, असा आजवरचा प्रघात आहे. परंतु येत्या २२ एप्रिल २००८ रोजी पेनसिल्व्हेनियात होणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीने आपल्या मंडळात जे वातावरण निर्माण केले आहे, आणि ते निवळावे म्हणून कार्यकारिणीपुढे जी एक लेखी सूचना दाखल झाली आहे, तिच्याविषयी या वेळी मौन धरणे ही कर्तव्यच्युती ठरेल. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात, भोजनाच्या पंक्तीतसुद्धा, अध्यक्षीय निवडणुकीचा विषय काढण्यास मज्जाव असावा, अशी ती सूचना आहे. ती करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी आम्हांस यत्किंचितही संशय नाही. गेल्या महिन्याच्या सहभोजनात, वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी गणपती बसविण्यास जाणारी दोन कुटुंबे निरोपाचा शब्दही न बोलता निघून गेली, हे ज्यांनी पाहिले त्यांस असा उपाय सुचावा हे स्वाभाविकच होय. तथापि ही सूचना नामंजूर व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात ही निवडणूक इतकी लांबली का, हे प्रथम पाहिले पाहिजे. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत जो पहिला येतो त्यासच त्या राज्याचे सर्व प्रतिनिधी मिळतात, म्हणून सिनेटर मकेन यांची उमेदवारी ४ मार्च रोजीच निश्चित झाली. डेमोक्रॅटिक पक्षात मात्र मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटून देण्याची तरतूद असल्यामुळे, ३ जानेवारीस आयोवात सिनेटर ओबामा यांनी आणि पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशरमध्ये सिनेटर क्लिंटन यांनी विजय मिळविला तेव्हापासून, ५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूसडेस वीसहून अधिक राज्यांत एकाच दिवशी मतदान होऊनसुद्धा, निर्णय लागलेला नाही. फ्लोरिडा आणि मिशिगन या राज्यांनी पक्षाचा हुकूम मोडून मतदानाची तारीख अलीकडे ओढली, म्हणून त्यांचे प्रतिनिधी रद्द झाले, आणि त्या मतांचे काय करावयाचे हा तंटा अद्याप पक्षाच्या दफ्तरी पडून आहे. शिवाय खासदार, गव्हर्नर आणि पक्षाचे पदाधिकारी असे सुमारे आठशे सुपरडेलिगेट आहेत, त्यांस आपल्या मर्जीप्रमाणे मत देण्याची मुभा आहे. अशा स्थितीत आपल्या राज्यातून मतदाराने निवडावयाच्या १५८ प्रतिनिधींस असाधारण महत्त्व आले, आणि ११ मार्चच्या मिसिसिपीनंतर सहा आठवडे अन्यत्र कोठेच मतदान नसल्यामुळे दोन्ही पक्षांचे, खरे तर एकाच पक्षाच्या दोन्ही बाजूंचे, सारे बळ आपल्या दारी येऊन ठेपले आहे.

आता या दोन उमेदवारांत भेद किती? ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवरील युद्धास अनुमती देणाऱ्या ठरावाच्या बाजूने क्लिंटन यांनी सिनेटमध्ये मत दिले. त्याच महिन्यात, इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे सभासद असलेल्या ओबामा यांनी शिकागोच्या जाहीर सभेत त्या युद्धास विरोध केला. हा भेद खरा आहे आणि मोठा आहे. आरोग्यविम्याच्या बाबतीत क्लिंटन यांची योजना प्रत्येकास विमा सक्तीचा करते, तर ओबामा यांची सक्ती मुलांपुरतीच मर्यादित आहे. ज्या मंडळात इतके डॉक्टर आणि स्वतःचा लहानमोठा व्यवसाय चालविणारे इतके सभासद आहेत, तेथे या एका प्रश्नावर रात्र उजाडेपर्यंत वाद झाला तरी ती रात्र सत्कारणी लागली असे आम्ही म्हणू. सक्ती नसेल तर धडधाकट तरुण विम्याबाहेर राहतील आणि आजारी माणसांचाच हप्ता वाढत जाईल, असे एक पक्ष म्हणतो. विमा न घेणारा तो परवडत नाही म्हणून घेत नाही, त्याच्यावर सक्ती करून त्याच्या खिशात पैसे येणार आहेत काय, असे दुसरा विचारतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि ज्याने स्वतःच्या दवाखान्यात विमा नसलेला रोगी परत जाताना पाहिला आहे, किंवा पाच नोकरांच्या विम्याचे बिल दरमहा भरले आहे, त्याने ते तथ्य इतरांस समजावून सांगितले पाहिजे. असा वाद मात्र आपल्याकडे क्वचितच झाला.

एक-दोन प्रश्न सोडून धोरणांतील अंतर अल्प असले म्हणजे वाद धोरणांवर टिकत नाही. तो उमेदवाराच्या व्यक्तित्वाकडे वळतो, आणि तेथून पुढे मतदाराच्या अंतःकरणाची झडती घेऊ लागतो. १९६५ च्या कायद्याने या देशाचे दार उघडल्यावर जी पहिली पिढी येथे आली, तिच्यातील आपल्या भगिनींपैकी अनेकींनी मुंबई-पुण्याच्या पदव्या गाठीशी असूनही दुय्यम जागांवर कामे केली, आपण शिकवून तयार केलेल्या पुरुष सहकाऱ्यांस आपल्यावर बढती मिळालेली पाहिली, आणि घर, मुले व भाषा सांभाळीत ते सारे निमूटपणे सोसले. त्यांस आपल्या हयातीत एक स्त्री या देशाच्या सर्वोच्च पदी बसलेली पाहावीशी वाटत असेल, तर त्या इच्छेस ‘बाई म्हणून बाईला मत’ असे हिणविणे हा त्यांच्या साऱ्या आयुष्याचा अवमान आहे. तसेच, ज्या मुलांस प्रत्येक नव्या वर्गात आपले नाव पुनःपुन्हा उच्चारून सांगावे लागले, त्यांस बराक हुसेन ओबामा हे नाव मतपत्रिकेवर पाहून उमेद वाटत असेल, तर तिला पोरखेळ म्हणणे हे त्यांच्या नागरिकत्वासच कमी लेखणे होय. आणि या चौकटीत न बसणाऱ्यांची अवस्था तर अधिकच कठीण झाली आहे. साठी ओलांडलेल्या एका भगिनीने ओबामा यांचे नाव घेताच, तुम्ही असे कसे करू शकता काकू, असा प्रश्न तिला विचारण्यात आला, आणि त्या प्रश्नात जिज्ञासा नव्हती, दोषारोप होता. अंगणात क्लिंटन यांचा फलक लावणाऱ्या एका सद्गृहस्थांस, काळ्या माणसास मत देणे तुमच्याने होत नाही, असे चारचौघांत ऐकून घ्यावे लागले.

आपल्या समाजात वर्णाविषयीचे पूर्वग्रह नाहीत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. विवाहविषयक जाहिरातींत गोऱ्या वधूची मागणी करणाऱ्या, आणि कोणत्या वस्तीत घर घेऊ नये याची कुजबूज नवागताच्या कानी घालणाऱ्या समाजाने तसा दावा करू नये. स्त्रीच्या आवाजाचा, वयाचा आणि पोशाखाचा जो पंचनामा या वर्षी दूरचित्रवाणीवर चालला आहे, त्यास आपल्या दिवाणखान्यांतून दाद मिळाली, हेही आम्ही ऐकले आहे. हे दोष मोठे आहेत, त्यांविषयी कठोर बोलले पाहिजे. परंतु समोरच्या एका माणसाने एका उमेदवारास पसंती दिली एवढ्याच पुराव्यावर त्याच्यावर ते दोष शाबीत झाल्याचा निवाडा देण्याचा अखत्यार कोणास नाही. राष्ट्रीय पातळीवरही हेच चालले आहे. १९८४ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या जेराल्डीन फेरारो यांनी ओबामा यांच्या यशाचे कारण त्यांच्या वर्णात शोधले, आणि त्यावरून उठलेल्या वादळात त्यांस क्लिंटन यांच्या प्रचारसमितीतून दूर व्हावे लागले. पाठोपाठ ओबामा यांच्या धर्मगुरूंची प्रवचने घरोघरी दाखविली गेली, आणि १८ मार्च रोजी आपल्याच फिलाडेल्फियात, नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये उभे राहून त्यांनी वर्णभेदाच्या प्रश्नावर दीर्घ भाषण केले. उमेदवार कोणताही पसंत असो, काळ्यांच्या रागास आणि गोऱ्यांच्या तक्रारीस एकाच भाषणात आदराने जागा देणारे ते विवेचन प्रत्येक सभासदाने समग्र वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

भारतीय वंशाच्या मतदारांस तर या स्पर्धेचा एक चटका गेल्या वर्षीच बसला होता. जून २००७ मध्ये ओबामा यांच्या प्रचारकचेरीतून वृत्तपत्रांकडे गेलेल्या एका टिपणात, क्लिंटन यांचे भारतीयांशी असलेले आर्थिक व राजकीय संबंध संशयास्पद ठरवून, त्यांच्या नावापुढे त्यांच्या राज्याऐवजी पंजाबचे नाव घालण्यात आले होते. हे टिपण उजेडात येताच आपल्या समाजातून निषेध झाला, आणि स्वतः ओबामा यांनी ती घोडचूक असल्याचे मान्य केले. आम्हांस तो मजकूर तेव्हाही गैर वाटला आणि आजही वाटतो, कारण त्याच्या मुळाशी, भारतीयांची मैत्री हाच एक कलंक, ही समजूत होती. पण ज्याची कबुली दिली गेली ते टिपण आज प्रत्येक ओबामासमर्थक सभासदाच्या तोंडावर फेकणे, आणि तू आपल्याच लोकांचा शत्रू आहेस असे त्यास सांगणे, हा त्या टिपणाचाच दुसरा अवतार झाला.

एका ध्येयाच्या माणसांनी एकमेकांच्या हेतूंवर शंका घेतल्याने काय होते, याचा दाखला मराठी माणसास परक्या इतिहासात शोधावा लागत नाही. १९०७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन नागपुराहून सुरतेस हलविले गेले, तेव्हा जहालांस वाटले की आदल्या वर्षी कलकत्त्यास संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे ठराव मवाळांस गुंडाळून ठेवावयाचे आहेत. मवाळांस वाटले की टिळकांस काँग्रेसच मोडावयाची आहे. ठरावांचे मसुदे प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडले नाहीत, एवढ्या साध्या कारणानेही तो संशय दुणावला. टिळक बोलावयास व्यासपीठावर उभे राहिले, त्यांस बोलू देण्यात आले नाही, कोणीतरी भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि सर फिरोजशहा मेहता यांस लागला, खुर्च्या फेकल्या गेल्या, आणि अधिवेशन बरखास्त झाले. मसुद्यांतील शब्दांचे अंतर शांतपणे मोजता आले असते. पण मने दुभंगली होती, आणि ती सांधण्यास १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. त्या नऊ वर्षांत टिळक मंडालेस जाऊन आले, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले. त्यांच्या चितेपाशी टिळकांनी जे गौरवोद्गार काढले ते मनःपूर्वक होते, याविषयी इतिहासात दुमत नाही. ते गोखल्यांच्या कानी मात्र पडले नाहीत.

या देशातील डेमोक्रॅटांसही हा अनुभव नवा नाही. बरोबर अठ्ठावीस वर्षांपूर्वी, २२ एप्रिल १९८० रोजी, याच पेनसिल्व्हेनियात सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी अध्यक्ष कार्टर यांस अगदी निसटत्या मतांनी हरविले. ते भांडण न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत चिघळत राहिले, आणि नोव्हेंबरात रेगन निवडून आले. रेगन यांच्या विजयास महागाई आणि इराणमधील ओलीस हीही कारणे होती, हे खरे. पण घरातील दुही त्यांस साहाय्यक झाली नाही, असे कोण म्हणेल? गेल्याच महिन्यात गॅलप संस्थेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आपला उमेदवार हरल्यास मकेन यांस मत देऊ, असे म्हणणारे क्लिंटनसमर्थकांत २८ टक्के आणि ओबामासमर्थकांत १९ टक्के आहेत. मकेन यांचे विचार पटून त्यांस मत देणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि आपल्या मंडळात त्यांचे निष्ठावंत समर्थकही आहेत. पण ज्याच्या धोरणांस आपला विरोध आहे त्यास केवळ शेजाऱ्यावरील रागाने मत देणे म्हणजे त्या शेजाऱ्याच्या हाती आपली मतपत्रिका सोपविणे होय.

येथे मज्जावाच्या सूचनेकडे परत येतो. आपले मंडळ महसूल कायद्याच्या ५०१ (सी) (३) या कलमाखाली करमुक्त संस्था आहे, आणि अशा संस्थांनी कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार किंवा विरोध करू नये, हा निर्बंध १९५४ पासून अमलात आहे. मंडळाच्या नावाने, त्याच्या निधीतून किंवा या वार्तापत्राच्या मुखाने कोणाचाही प्रचार होणार नाही. परंतु हा निर्बंध संस्थेवर आहे, सभासदावर नाही. कायद्याने ज्याची जीभ मोकळी ठेवली आहे, त्याच्या जिभेस कार्यकारिणीने कुलूप घालावे, हे आम्हांस मान्य नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती परस्परांशी न पटणाऱ्या माणसांनी एका व्यासपीठावर येऊन बोलावे म्हणूनच. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्यांनी परदेशी येऊन फक्त हवापाणी आणि पाककृती यांवर बोलावे, ही कल्पना आम्हांस सहन होत नाही. शिवाय गप्प बसविलेला वाद मिटत नसतो, तो मोटारीत, फोनवर आणि मुलांदेखत चालू राहतो, आणि तेथे त्यास उत्तर देणारा कोणी नसतो. जी दोन कुटुंबे त्या दिवशी न बोलता निघून गेली, ती मज्जावाने एका पंक्तीत बसतील. बोलू लागतील असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून सूचनेऐवजी आम्ही कार्यकारिणीपुढे हा मसुदा ठेवीत आहोत. मंडळाच्या कार्यक्रमांत निवडणुकीविषयी बोलण्यास कोणतीही आडकाठी नसावी. मात्र सभासदाने अमुक उमेदवार निवडला तो त्याच्या जातीमुळे, लिंगामुळे, वर्णद्वेषामुळे वा स्वार्थामुळे, असे विधान कोणी केल्यास सभाध्यक्षांनी त्यास तेथेच थांबवावे आणि ते विधान मागे घेण्यास सांगावे. रविवार, २० एप्रिल रोजी दुपारी आरोग्यविमा, इराक आणि व्यापारविषयक करार या तीन विषयांवर खुली चर्चा ठेवावी, आणि तीत दोन्ही डेमोक्रॅट उमेदवारांच्या तसेच सिनेटर मकेन यांच्या समर्थकांस समान वेळ द्यावा. या विषयावरील पत्रे आम्ही पुढील अंकात नावानिशी छापू. निनावी पत्रे स्वीकारली जाणार नाहीत, आणि हेत्वारोपाचा मजकूर वगळण्याची मुनसफी संपादकाकडे राहील. ज्यांस हा मसुदा नापसंत असेल त्यांनी आपली हरकत कार्यवाहांकडे लेखी नोंदवावी.

मतदारांसाठी थोडी माहिती. आपल्या राज्यात ही प्रायमरी बंद स्वरूपाची आहे, म्हणजे ज्यांची नोंदणी २४ मार्चपर्यंत डेमोक्रॅट म्हणून झाली आहे त्यांसच या स्पर्धेत मत देता येईल; रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्यांसाठी त्याच दिवशी त्यांच्या पक्षाची स्वतंत्र मतपत्रिका असेल. ग्रीन कार्डधारकांस मताचा हक्क नाही, आणि चुकीने केलेले मतदानसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जास बाधक होऊ शकते, तरी त्यांनी कोणाच्याही आग्रहास बळी पडू नये. आपल्या मतदानकेंद्रावर प्रथमच मत देणाऱ्यांनी ओळखपत्र सोबत न्यावे. मंगळवार, २२ एप्रिल रोजी मतदान सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत होईल. आठ वाजता जो रांगेत उभा असेल त्यास मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे, तेव्हा रांग लांब दिसली तरी कोणी परत फिरू नये. ज्येष्ठ सभासदांस केंद्रापर्यंत नेण्यासाठी काही तरुणांनी आपल्या मोटारी देऊ केल्या आहेत. नेताना कोणी कोणास मत देणार हे विचारावयाचे नाही, असे त्यांनी आपसांत ठरविले आहे. ज्यांस या सोयीचा लाभ घ्यावयाचा असेल त्यांनी १८ एप्रिलपर्यंत कार्यवाहांस कळवावे.