गुडघेदुखी आणि चिठ्ठीतील शेवटची ओळ

जानुसंधिगत वाताचा रुग्ण येतो, तेव्हा आपली चिठ्ठी बहुधा ठरलेली असते. गुग्गुळकल्प, अभ्यंगासाठी तेल, शक्य असल्यास जानुबस्ती आणि अगदी शेवटी एक ओळ – ‘व्यायाम करावा’. कोणता, किती, केव्हा, याचा उल्लेख त्यात नसतो. माझे स्पष्ट मत असे की, शस्त्रक्रिया टाळण्याच्या दृष्टीने ही शेवटची ओळच सर्वांत मोलाची आहे आणि आपण तीच सर्वांत निष्काळजीपणे लिहितो.

मोहने परिसरात माझ्याकडे एन.आर.सी.चे माजी कामगार व त्यांच्या घरच्या स्त्रिया पुष्कळ येतात. कारखाना २००९ मध्ये बंद पडला. यांतील बहुतेक मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, तरी शस्त्रक्रिया व नंतरची शुश्रूषा अनेक कुटुंबांना झेपत नाही. अशाच एका भगिनींना मी आठ महिने तेल व गुग्गुळ देत राहिलो. वेदना कमी-अधिक होई. परंतु आंबिवली स्थानकाचा पूल काही त्यांना चढवेना. एके दिवशी फीत लावून मोजले, तेव्हा दुखऱ्या बाजूची मांडी कृश झालेली आढळली. मांसक्षय डोळ्यांसमोर होत होता आणि मी केवळ संधीकडे पाहत होतो. मग व्यायाम समोर करवून घेतला, तीन महिने दर आठवड्याला तपासला. तेव्हा कुठे त्यांना पूल चढणे जमले.

एका रुग्णावरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. परंतु डेन्मार्कमधील १०० रुग्णांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांधेरोपण केलेल्यांना आराम अधिक मिळाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि व्यायाम, आहारनियमन, रुग्णशिक्षण आदी उपचारांवरच ठेवलेल्या ५० पैकी ३७ जणांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली नाही. गंभीर उपद्रवही शस्त्रक्रियेच्या गटातच अधिक होते.

याचा अर्थ आपली औषधे निरुपयोगी, असा नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शुंठी-गुडूचीयुक्त कल्प ग्लुकोसामीन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. मात्र हे कल्प घेणाऱ्या ७ रुग्णांत एस.जी.पी.टी. वाढले व औषध थांबविल्यावर पूर्ववत झाले. दीर्घकाळ औषध देताना यकृताची तपासणी करणे, हे म्हणूनच आपले कर्तव्य ठरते. औषधाने व स्नेहन-स्वेदनाने वेदना आटोक्यात येते. त्या मिळालेल्या अवसरात पेशींना बळ देण्याचे काम व्यायामच करतो.

हा व्यायाम साधाच आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच आकडे मोजेपर्यंत ती दाबणे. पाठीवर निजून, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे. खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे. प्रत्येकी दहा आवर्तने, सकाळ-सायंकाळ. वाग्भटांचा अर्धशक्तीचा नियम येथेही लागू आहे. दुसऱ्या दिवशी वेदना वाढलेली असल्यास प्रमाण कमी करावे. स्थूल रुग्णाचे वजन एक किलो घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही त्याला समजावून सांगावे.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. तेलाची बाटली देताना गुडघा लाल, गरम, सुजलेला आहे काय, ताप आहे काय, एवढे विचारावे. सामावस्थेत तेल चोळल्याने त्रास वाढतो. अशा रुग्णास त्वरित वैद्याकडे धाडावे. लेबल नसलेली ‘रामबाण’ चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत; त्यांत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा धोका असतो आणि बदनामी मात्र आयुर्वेदाची होते.

तीन महिने मन लावून उपचार करूनही रात्रीची झोप उडत असेल, पाय वाकडा होत चालला असेल, तर शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. मात्र त्याआधी आपण व्यायाम केवळ लिहिला की खरोखर शिकविला, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. चिठ्ठीतील ती शेवटची ओळ यापुढे पहिली यावी, एवढेच मागणे.